पुरात बोट तुमच्या दारापर्यंत कशी येते आणि ती वेळेत यावी म्हणून काय करायचं

"आम्ही मारुतीच्या देवळामागं राहतोय. पाणी आत आलंय, लवकर बोट पाठवा!"

पूर चढला की असे फोन सुरू होतात. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठावर मारुतीचं देऊळ नसलेलं गाव सापडायचं नाही. फोन घेणारा विचारतो, कुठलं गाव? पलीकडून गावाचं नाव येतं, पण त्या नावाची दोन गावं दोन तालुक्यांत असतात. तेवढ्यात रेंज जाते. घाबरलेल्या माणसाला पत्ता नीट सांगता येत नाही, यात त्याचा काही दोष नाही. पण बोट उशिरा पोहोचण्याची कारणं मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांतली बरीचशी अशी साधी आहेत. पावसाळ्याआधी एक दुपार दिली तर ती दूर होतात.

मी शिरोळ तालुक्यातला. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत गावातल्या पोरांसोबत बोटीवर मदतीला होतो. खाली लिहिलेलं मुख्यतः आमच्या नदीकाठासाठी आहे. कोकणातल्या आणि घाटातल्या वाड्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे, कारण तिथला धोका वेगळा आणि मदतीची वाटही वेगळी.

मदत निघते कुठून

सगळ्यात आधी पोहोचतो तो शेजारी. गावातली पोहणारी पोरं, सरपंच, पोलीस पाटील, तलाठी आणि प्रशिक्षण घेतलेले आपदा मित्र हीच पहिली फळी. पुरात आमच्या भागात गुऱ्हाळाच्या काहिलीसुद्धा, म्हणजे गूळ शिजवायच्या मोठ्या पसरट कढया, पाण्यात उतरवल्या जातात. काहील ही काही बोट नव्हे, ती गरगर फिरते आणि कलंडते. तिच्यात बसा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण दुसरं काहीच हाताशी नसतं तेव्हा लोक काय करतात, हे त्यावरून समजावं.

दुसरी फळी तालुक्याची. तहसीलदारांकडे, नगरपालिकेच्या अग्निशमन दलाकडे आणि पूरग्रस्त ग्रामपंचायतींकडे बोटी असतात. कोल्हापुरात व्हाईट आर्मीसारख्या स्वयंसेवी संस्थांची माणसंही याच वेळी उतरतात.

तिसरी फळी जिल्ह्याची. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कुठली बोट कुठल्या गावाला आधी जाणार, बाहेरून पथक कधी मागवायचं, हे त्यांच्या नियंत्रण कक्षातून ठरतं. केंद्राचं आपत्ती प्रतिसाद दल, एनडीआरएफ, याची आपल्याला सगळ्यात जवळची बटालियन पाचवी. तिचा तळ पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ सुदुंबरे इथं आहे. राज्याचं स्वतःचं दल, एसडीआरएफ, धुळे आणि नागपूरला आहे. लष्कर, नौदल, हवाई दल यांना बोलावणं जातं ते जिल्ह्याकडून राज्यामार्फत. गावातून कुणी थेट फोन करून हेलिकॉप्टर येत नसतं.

आता रस्त्याचा हिशोब बघा. पुण्याहून कोल्हापूर साधारण २३० किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर एनडीआरएफची गाडी चार-पाच तासांत येईल. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झालं. ज्या पावसामुळं तुम्हाला मदत लागते, तोच पाऊस मदतीचा रस्ताही अडवतो. म्हणूनच हल्ली पावसाळा सुरू होतानाच एनडीआरएफची तुकडी कोल्हापुरात आणून ठेवतात. पण एका तुकडीत पंचवीस-तीस जवान आणि मोजक्या बोटी, आणि हाका येतात एकाच वेळी शंभर गावांतून. पहिले काही तास, कधी अख्खी रात्र, तुम्हाला स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या बळावर काढावी लागेल हे धरूनच तयारी करायची.

पावसाळ्याआधी: उंबऱ्याचा आकडा

सगळ्या तयारीत मी या एका कामाला पहिला मान देतो.

कोल्हापूरकर पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती आणि सांगलीत कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. हे आकडे रोज पेपरात आणि मोबाईलवर येतात, आपण वाचतोही. पण धोका पातळी ही नदीची असते. तुमच्या घराची पातळी वेगळी, आणि ती तुम्हालाच काढावी लागते.

ती अशी काढायची. तुमच्या गल्लीत २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण कुठल्या तरी भिंतीवर अजून असेल. नसेल तर जुन्या माणसांना विचारा, ते बोट ठेवून दाखवतील. तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं त्या दिवशी बंधाऱ्यावर किंवा पुलावर किती फूट होतं, ते शोधा. आणि गावाबाहेर पडायचा रस्ता किती फुटांना बुडाला, तेही शोधा. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. घर ५० फुटांवर बुडत असेल, पण ओढ्यावरचा पूल ४४ ला पाण्याखाली जात असेल, तर तुमची मर्यादा ४४ आहे. दोन्ही आकडे खडूनं नको, रंगानं दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायची. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगतं. त्यामुळं कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी शिरोळकडं ते चढतच असतं, हे आम्ही दर वेळी पाहतो. तुमच्या गावाला जवळचा जो मोजमापाचा खांब असेल तोच धरा आणि संगमाखालच्या गावांनी दोन्ही नद्यांकडं लक्ष ठेवा.

धरणाची बातमीही आकड्यांत वाचायला शिका. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की ते आपोआप उघडतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. एक दरवाजा उघडला की सेकंदाला चाळीस हजार लिटर पाणी नदीत पडतं. पाच दरवाजे उघडल्याची बातमी आली की घरातली धान्याची पोती वर चढवायला लागायचं, नदी बघायला घाटावर जायचं नाही.

पत्त्याची चिठ्ठी आणि माणसांची यादी

एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत हे लिहा आणि फोन करायला जिथं उभे राहता तिथं चिकटवा: जिल्हा, तालुका, गाव, वाडी किंवा गल्ली, घरमालकाचं पूर्ण नाव, बोटीवरून दिसेल अशी खूण, आणि कोणत्या बाजूनं पाण्यातून येता येईल. खूण निवडताना पाणी चढल्यावरही दिसणारी हवी. "पिंपळाच्या पाराजवळ" उपयोगाचं नाही, पार बुडालेला असतो. पाण्याची टाकी, देवळाचा कळस, दूध संस्थेची दोन मजली इमारत, मोबाईलचा टॉवर या खुणा टिकतात. मोबाईलच्या नकाशात आपल्या घराचं ठिकाण आधीच जतन करून ते गावाबाहेरच्या एका नातेवाइकाला पाठवून ठेवा. इंटरनेट गेल्यावर ते तुम्हाला पाठवता येणार नाही, पण त्याच्याकडं असेल.

मग माणसांची यादी. अंथरुणाला खिळलेले, दिवस भरत आलेली बाई, डायलिसिसला जाणारा रुग्ण, ऑक्सिजनवर असलेले, ऐकू न येणारे, एकटं राहणारं म्हातारं माणूस. ही नावं आशाताईला आणि तलाठ्याला मे महिन्यातच द्या. त्यांच्याकडं यादी असतेच, पण मुंबईहून महिन्याभरासाठी आलेली बाळंतपणाची लेक त्या यादीत नसते, नुकताच पक्षाघात झालेले आजोबा नसतात. ज्यांची तारीख ऑगस्टमधली आहे किंवा ज्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं, त्यांनी पाणी यायची वाट न बघता आधीच शहरातल्या नातेवाइकांकडं जावं. गडचिरोलीत भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. अशा दुर्गम भागांसाठी सरकारनं माहेरघर योजना केली आहे, बाळंतपणाआधीच बाईनं दवाखान्याजवळ येऊन राहावं म्हणून. विचार तोच आहे, तो आपल्या घरात वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

पिशवीत काय घ्यायचं ते थोडक्यात: पंधरा दिवसांची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी, आधार आणि रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, पिण्याचं पाणी, बॅटरी, शिट्टी, चार्ज केलेली पॉवर बँक, कोरडं खाणं. कागद दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत दुसरी. पिशवी एकाच हातात मावली पाहिजे, दुसरा हात बोट धरायला मोकळा हवा.

निघायचं कधी

हवामान खातं पिवळा, नारंगी, लाल असे इशारे देतं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढं जोरदार, ११५.६ च्या पुढं अति जोरदार आणि २०४.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे अत्यंत जोरदार पाऊस, अशी त्यांची मोजणी आहे. पण नदीकाठच्या माणसानं आपल्या गावच्या आभाळावर विसंबू नये. आमच्याकडं ऊन पडलेलं असतं आणि पूर येतो, कारण पाऊस महाबळेश्वर, कोयना आणि गगनबावड्याला पडत असतो. इशारा आपल्या जिल्ह्याचा बघाच, घाटमाथ्याचाही बघा.

नियम एकच सांगतो. पाय कोरडे असताना निघा. रस्ता सुरू असताना निघालेलं कुटुंब ट्रॅक्टरमध्ये सामान, जनावरं, गादी सगळं घेऊन जातं. बोटीनं निघालेलं कुटुंब अंगावरच्या कपड्यांनिशी जातं. २०१९ ला जे अडकले त्यांतल्या बहुतेकांचा हिशोब २००५ च्या पुराचा होता: "तेव्हा पायरीला लागून गेलं होतं, आताही तेवढंच येईल." नदी जुन्या पुराचा हिशोब ठेवत नाही.

आणि लोक का निघत नाहीत? चोरीची भीती असते, पण आमच्या भागात खरं कारण दावणीला असतं. २०१९ ला एका घरापाशी आमची बोट लागली. माडीच्या खिडकीत आजी एकटीच. गोठ्यात म्हैस पोटापर्यंत पाण्यात उभी. आजी म्हणाली, "म्हस गाभण हाय बाबा. तिला टाकून कशी येऊ रं?" आम्ही समजावलं, विनवलं, एकानं आवाज चढवला. शेवटी एक पोरगा पाण्यात उतरला, त्यानं म्हशीच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि ते वर आजीच्या हातात दिलं. "आजी, मोकळी केलीया बघा. ती पवत जाईल माळाला. आता चला तुम्ही." तेव्हा कुठं आजी उतरली. बोटीत पूर्ण वेळ ते दावं मुठीत होतं. त्या एका दारात आमची पाऊण तास बोट थांबली. पलीकडच्या गल्लीत स्लॅबवर माणसं साड्या हलवत होती, ती आम्हाला दिसत होती.

म्हणून जनावरांचं आधी करा. इशारा पातळीची बातमी आली त्याच दिवशी जनावरं माळावरच्या पै-पाहुण्यांकडं किंवा छावणीला हलवा, आणि घरातलं एक माणूस त्यांच्यासोबत जाऊ दे. म्हातारी माणसं मग आपोआप निघतात. काहीच जमलं नाही आणि पाणी चढलंच, तर निदान दावी सोडा. मोकळं जनावर पोहून जाऊ शकतं, बांधलेलं उभ्या जागी बुडतं.

निघताना घरातला मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला. वाहत्या पाण्यात गाडी घालायची नाही. दीड-दोन फूट वाहतं पाणी चारचाकीला उचलतं आणि रात्री खालचा रस्ता शाबूत आहे की नाही ते दिसतही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा अंधारात दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. पुलावर पाणी असेल तर अलीकडंच थांबायचं.

फोन कुठं करायचा, काय बोलायचं

आपत्तीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमन दलासाठी १०१, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, राज्याच्या कक्षासाठी १०७०. मुंबईत महापालिकेचा १९१६.

११२ आणि १०८ हे फोन तुमच्या पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात लागत नाहीत. ते आधी राज्याच्या केंद्रात लागतात आणि तिथून जिल्ह्याला निरोप जातो. पलीकडच्या ताईनं तुमच्या गावाचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असू शकतं. म्हणून मोठ्याकडून लहानाकडं जायचं: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. १०७७ चं वेगळंच. हा जिल्ह्याचा नंबर, आणि सीमेवरच्या गावांत मोबाईल कर्नाटकातल्या टॉवरला लागतो, मग फोन तिकडच्याच जिल्ह्यात जाऊ शकतो. त्यामुळं जिल्हा नियंत्रण कक्षाचा आणि तहसील कार्यालयाचा कोडसकट पूर्ण नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा.

बोलायचं साधारण असं:

"कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका, गाव अमुक, नदीकडची गल्ली. घर अमक्या पाटलांचं, पाण्याच्या टाकीपासून तिसरं, वर निळा कागद बांधलाय. आम्ही सात जण आहोत. दोन लहान मुलं, एक आजी चालू शकत नाही. पाणी तळमजल्यावर छातीएवढं आहे आणि चढतंय. आम्ही माडीवर आहोत. शाळेच्या बाजूनं बोट येऊ शकते, देवळाच्या बाजूला विजेच्या तारा लोंबताहेत. हा नंबर, आणि बंद लागला तर भावाचा हा नंबर."

एवढं अर्ध्या मिनिटात होतं. माणसं किती हे सांगितलं नाही तर एक बोट येते आणि दोन खेपा लागतात. चालू न शकणारं माणूस आहे हे सांगितलं नाही तर स्ट्रेचर येत नाही. आणि खरं तेच सांगा. गुडघाभर पाण्याला गळ्याएवढं सांगितलं तर खरोखर गळ्यापर्यंत बुडालेल्यांची बोट तुमच्याकडं वळते.

एका घरातून एकानंच फोन करायचा. पुण्यातला मुलगा, मुंबईची मुलगी, दुबईतला भाचा असे चौघे चार ठिकाणी फोन करतात, प्रत्येक जण पत्ता वेगळा सांगतो आणि कक्षात एका घराची चार घरं होतात. बाहेरच्या नातेवाइकांपैकी एकालाच नेमा. तुमची रेंज जाईल, बॅटरी संपेल, त्याची नाही. तुम्ही त्याला साधा एसएमएस करा, बोलणं होत नसतं तेव्हाही कधी कधी एसएमएस सुटतो. त्यानं कक्षाशी बोलत राहायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर मदतीची हाक टाकायचीच असेल तर तारीख आणि वेळ लिहून टाका, आणि सुटका झाली की त्याच ग्रुपवर तसं लिहा.

बोट येईपर्यंत

वर चढा, पण बंद पोटमाळ्यावर नको, जिथून बाहेर पडता येईल अशा जागी. स्लॅब असेल तर उत्तम. कौलारू घर आणि मातीची भिंत असेल तर तिथं थांबूच नका. भिजलेली मातीची भिंत पाणी चढताना टिकते आणि उतरताना ढासळते, हे कितीदा तरी झालंय. शेजारच्या पक्क्या घरात आधीच जा.

दिसेल असं काहीतरी उंचावर बांधा. लाल किंवा पिवळी साडी लांबून दिसते, हिरवी झाडांत मिसळते. अंधारात बॅटरीची उघडझाप करा, शिट्टी तीनदा, थांबून पुन्हा तीनदा. बोट जवळ आल्यावर मात्र चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारायची नाही. रात्री शक्य तोवर बोटी थांबवतात. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही, आणि एक बोट अडकली तर तिला सोडवायला दुसरी लागते. रात्री हाकेला ओ मिळाली नाही तर कुणी विसरलंय असं समजून पाण्यात उडी घेऊ नका.

पुरात साप, विंचूही उंच जागा धरतात. पत्र्याखाली, लाकडाच्या ढिगात हात घालायच्या आधी काठी आपटा. पुराचं पाणी उकळल्याशिवाय तोंडात घेऊ नका.

बोट लागल्यावर

भर गावात बोट चालवणं नदीपेक्षा अवघड असतं. खाली कंपाउंडची भिंत, विहिरीचा काठ, तारेचं कुंपण, उभी मोटारसायकल. शिवारातून यायचं म्हटलं तर ऊस. बुडालेल्या उसाचे शेंडे पाण्याच्या जेमतेम खाली असतात, ते इंजिनाच्या पंख्यात गुंडाळतात आणि इंजिन बंद पडतं. मग पोरं पंखा वर उचलून हातानं पाला ओढून काढतात, वल्ह्यानं बोट सावरतात, आणि प्रवाह तिला ओढत असतो. म्हणून बोट तुमच्या नाकासमोरून न येता लांबून वळसा घालून येते. ओरडून सरळ या म्हणू नका. उलट तुम्हाला ठाऊक असलेलं सांगा: "इथं विहीर आहे, डावीकडनं घ्या." बाहेरच्या जवानांच्या बोटीत गावातलं एक जाणतं माणूस पुढं बसवलं तर निम्मं काम सोपं होतं.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावासाठी निघालेली गावातलीच एक बोट उलटली. तिच्यात पेलण्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. डझनाहून अधिक लोक गेले, त्यांत बाया आणि लेकरं होती. आमच्या भागातल्या प्रत्येकाच्या मनात तो दिवस आहे. रबरी बोटीत चालवणाऱ्यांसकट आठ-दहाच माणसं. जवानानं "बास" म्हटलं की बास. नवरा या खेपेला, बायको पुढच्या खेपेला असं होऊ शकतं. लहान मूल मात्र आईपासून किंवा बापापासून वेगळं पाठवू नका.

आधी लाइफ जॅकेट, मग बोट. सगळे पट्टे आवळलेले हवेत. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं, पायांमधून ओढणी घालून खाली बांधा. साडीचा पदर आणि निऱ्या खोचून घ्या. विळी, कोयता, टोकदार भांडी रबरी बोटीत नाही. एकेकानं, वाकून, मध्यभागी पाय ठेवून उतरायचं आणि तळाशी बसायचं. कडेला उभं राहायचं नाही, हात बाहेर काढायचे नाहीत, वरच्या फांदीला किंवा तारेला तर मुळीच हात लावायचा नाही. ओळखीचं कुणी दिसलं म्हणून सगळे एका बाजूला वळले की बोट कलते.

हेलिकॉप्टरबद्दल एवढंच. जोराचा वारा आणि खाली आलेले ढग असले की ते उडू शकत नाही, म्हणून त्याच्या आशेवर बसू नका. आलंच तर गच्चीवरचे सुटे पत्रे, ताडपत्री, कपडे आधी बाजूला करा, पंख्याच्या वाऱ्यानं ते वर उडतात. खाली सोडलेला दोर घराच्या कशालाही बांधायचा नाही.

रुग्ण असेल तर

पुरात १०८ ची गाडी दारात येत नाही, पाण्याच्या काठापर्यंत येते. दारातून काठापर्यंत बोट आणि काठापासून पुढं गाडी, अशा दोन टप्प्यांत रुग्ण जातो. म्हणून ११२ किंवा जिल्हा कक्षाला बोटीसाठी आणि १०८ ला गाडीसाठी असे दोन फोन करा आणि दोघांना एकच काठ सांगा. बोट एका बाजूला, गाडी दुसऱ्या बाजूला असं झालं तर मधला वेळ रुग्णाचा जातो. साप चावला असेल तर कापणं, चोखणं, घट्ट आवळणं नको. तो अवयव हलू न देता माणसाला झोपवून आणा आणि फोनवर "साप चावलाय" असं स्पष्ट सांगा, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेल्या दवाखान्यातच नेतील.

कोकण आणि घाटातल्या वाड्या

आमच्या नदीकाठाला पाणी चढताना दिसतं, तिथं डोंगर क्षणात येतो. आणि मदतीची वाट आणखी कठीण असते. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली तेव्हा महाड पुरात होतं आणि वाटेतले रस्तेही दरडींनी अडले होते. बाहेरचं पथक दुसऱ्या दिवशी पोहोचलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड आली. तिथं गाडीरस्ताच नव्हता. बचावपथकं भर पावसात डोंगर चढून गेली, जेसीबी वर नेता आला नाही, आणि कुदळ-फावड्यांनी हातानं माती उपसावी लागली. पुणे जिल्ह्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं. एसटीचा चालक गाडी घेऊन आला, तेव्हा गाव जागेवर नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि जगाला कळलं.

माळीणवरून एक काम प्रत्येक वाडीनं उचलावं. शेजारच्या वाडीशी जोडी लावा. जोराच्या पावसात रात्री झोपण्याआधी आणि पहाटे एकमेकांना फोन करायचा. ठरलेल्या वेळी फोन आला नाही आणि लागलाही नाही, तर लगेच पोलीस पाटलाला आणि ११२ ला कळवायचं. यात पैसा लागत नाही आणि मदतीचे कित्येक तास वाचतात.

घराच्या वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग दिसली, झाडं किंवा खांब तिरके झाले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा आटलं, दारं चौकटीत अडकायला लागली, तर रात्रीची वाट बघू नका. दिवसाउजेडी सगळ्यांनी बाहेर पडा, ओढ्याच्या पात्रापासून आणि उताराच्या पायथ्यापासून दूर. वाडीत किती घरं, त्या रात्री प्रत्येक घरात किती माणसं झोपली आहेत, ही वही वाडीबाहेरच्या माणसाकडं असू दे. कुठं उपसायचं हे बचावपथकाला त्या वहीवरून कळतं.

निवाऱ्यात पोहोचल्यावर

निवारा केंद्रात गेलात की आधी नाव नोंदवा, घरातल्या प्रत्येकाचं, गाव आणि गल्लीसकट. पाहुण्यांकडं परस्पर गेला असाल तरी तलाठ्याला किंवा पोलीस पाटलाला कळवा. आणि ज्या नंबरवर मदत मागितली होती त्यावर, बाहेरच्या नातेवाइकाकरवी का होईना, सांगा की आम्ही सात जण बाहेर पडलो, आता बोट नको. २०२१ ला एका घरासाठी आम्ही उसातून वळसा घालत गेलो, दोनदा पंखा मोकळा केला, माडीवर चढून प्रत्येक खोलीत हाका मारल्या. घरातली माणसं आदल्या संध्याकाळीच ट्रॅक्टरनं पाहुण्यांकडं गेली होती. आम्ही रिकामी बोट घेऊन परत फिरलो तेव्हा उजेड संपत आला होता आणि यादीत अजून तीन घरं होती.